नांगर टाकलेले सत्तर दिवस

जोशुआ स्लोकम हे नाव शिडाच्या बोटींची आवड असणाऱ्यांना नवं नाही. २४ एप्रिल १८९५ रोजी 'स्प्रे' नावाची बोट घेऊन तो बॉस्टनहून एकटा निघाला आणि २७ जून १८९८ रोजी न्यूपोर्टला परतला. शिडाच्या बोटीतून एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा करणारा तो पहिला माणूस. २००९-१०मध्ये कमांडर दिलीप दोंदे यांनी गोव्यात बांधलेल्या 'म्हादेई'तून एकट्याने प्रदक्षिणा केली, ती याच परंपरेतली. स्लोकमच्या कीर्तीचा सगळा डोलारा 'एकटा' या एका शब्दावर उभा आहे.

मला मात्र गेली काही वर्षं ओढ लागली आहे ती त्याच्या आधीच्या एका सफरीची. १८८८ साली ब्राझीलच्या दक्षिण भागातून निघून, किनाऱ्याकिनाऱ्याने आणि बेटाबेटाने, तो पस्तीस फुटी होडीतून अमेरिकेत पोचला. तेव्हा तो एकटा नव्हता. बरोबर बायको होती, सोळा वर्षांचा मुलगा होता आणि सात वर्षांचा आणखी एक मुलगा होता. होडीची शिडं बायकोने शिवली होती. या सफरीवर स्लोकमने लिहिलेलं 'व्हॉयेज ऑफ द लिबरदाद' हे पुस्तक १८९०मध्ये त्याने स्वतःच्या खर्चाने छापलं. फारसं कुणी ते वाचलं नाही. पुढे 'स्प्रे'च्या पुस्तकाने त्याला जगभर वाचक मिळवून दिले आणि हे पहिलं पुस्तक त्याच्या सावलीत गेलं.

मी इतिहासाचा पदवीधर नाही. नोकरी सांभाळून, सुट्ट्यांत आणि रात्री जागून जे वाचलं त्यावर माझा संसार चालतो. त्यामुळे एखादं पुस्तक हाती आलं की मी साध्या कारकुनी पद्धतीने त्याच्याकडे बघतो. वहीत रेघा मारायच्या, एका बाजूला तारखा, दुसऱ्या बाजूला ठिकाणं. 'लिबरदाद'च्या बाबतीत असं केलं तेव्हा एक गोष्ट ठळकपणे समोर आली. २४ जून १८८८ रोजी होडी पारानाग्वा सोडते. २८ ऑक्टोबरला ती अमेरिकेच्या साउथ कॅरोलायना राज्यातल्या केप रोमेनला लागते. मधले दिवस १२६. अंतर सुमारे ५,५०० मैल. पण प्रत्यक्ष शीड उभारून चाललेले दिवस पंचावन्नच्या आसपास. म्हणजे उरलेले सत्तरेक दिवस ही होडी नांगरावर होती. कुठे वारा फिरण्याची वाट पाहत, कुठे शिडं दुरुस्त करत, कुठे कागदपत्रांसाठी, कुठे वादळांचा मोसम सरण्यासाठी.

पराक्रमाची गोष्ट सांगताना आपण चाललेले दिवस मोजतो. या लेखात मला थांबलेले दिवस मोजायचे आहेत. कारण ही सफर तडीला गेली ती त्या दिवसांमुळे, आणि सफरीतली एक व्यक्ती शोधायची तर तीही त्याच दिवसांत शोधावी लागते.

लग्नानंतरचा सहावा दिवस

स्लोकमची पहिली बायको व्हर्जिनिया. दोघांचं लग्न १८७१मध्ये सिडनीत झालं. पुढची तेरा वर्षं ती नवऱ्याबरोबर जहाजांवर राहिली. तिची सात मुलं झाली, त्यांतली चार जगली. २५ जुलै १८८४ रोजी ब्युनोस आयर्सच्या बंदरात, 'अक्विडनेक' या स्लोकमच्या मालकीच्या जहाजावर तिचा अंत झाला. तेव्हा ती पस्तिशीच्या आतली होती.

२२ फेब्रुवारी १८८६ रोजी स्लोकमने बॉस्टनमध्ये दुसरं लग्न केलं. वधू हेन्रिएटा एलियट, घरचं नाव हेटी. नात्यातलीच मुलगी, वय २४. नवरा ४२ वर्षांचा. हेटी शिवणकाम करून पोट भरणारी होती. लग्नानंतर सहाव्या दिवशी, २८ फेब्रुवारीला, नवरा-बायको न्यूयॉर्कहून मॉन्टेव्हिडिओकडे निघाले. जहाज तेच, 'अक्विडनेक'. मालात रॉकेलचे डबे. बरोबर सवतीचे दोन मुलगे, व्हिक्टर आणि गारफिल्ड. पहिल्याच आठवड्यात वादळाने गाठलं.

ज्या जहाजावर नवऱ्याच्या पहिल्या बायकोने प्राण सोडला त्याच जहाजावरून, त्याच नदीमुखाकडे ही नवी नवरी निघाली होती. हेटीला त्याबद्दल काय वाटलं हे कुठेही लिहिलेलं नाही.

पुढची दोन वर्षं म्हणजे संकटांची माळ आहे. अर्जेंटिनातल्या रोसारिओहून गवताच्या गासड्या भरून 'अक्विडनेक' ब्राझीलला निघालं, तर अर्जेंटिनात पटकीची साथ आलेली. जानेवारी १८८७मध्ये इल्या ग्रांदे बेटावरच्या विलगीकरण ठाण्यावर ब्राझीलच्या युद्धनौकेने तोफांचा धाक दाखवून जहाज परत पाठवलं. जुलै १८८७मध्ये आंतोनिना बंदरात खलाशांनी रात्री कप्तानावर हल्ला केला. डेकवरची हालचाल आधी हेटीच्या कानावर आली आणि तिने नवऱ्याला जागं केलं. स्लोकमने बंदूक चालवली, एक जण मेला. खटला चालला आणि तो निर्दोष सुटला. त्यानंतर खलाशांमध्ये देवीची साथ पसरली आणि काही दगावले. अखेर १८८७ सरता सरता पारानाग्वाच्या उपसागरात लाकूड भरलेलं जहाज वाऱ्या-प्रवाहाच्या कचाट्यात सापडून वाळूवर चढलं आणि त्याचा कणा मोडला. विमा नव्हता. स्लोकमने मोडतोड विकली, खलाशांचे पगार चुकते केले, आणि चार जणांचं हे कुटुंब परक्या किनाऱ्यावर रिकाम्या हाताने उभं राहिलं.

तांब्याची नाणी आणि बांबू

जहाज फुटलेल्या अमेरिकी खलाशांना मायदेशी पाठवण्याची सोय वकिलातीकडून होत असे. स्लोकमला दुसऱ्याच्या जहाजावरून निराधार म्हणून परतायचं नव्हतं. त्याने ठरवलं, स्वतः होडी बांधायची आणि स्वतःच घरी जायचं.

होडीची मापं त्याने नीट दिली आहेत. लांबी ३५ फूट, रुंदी साडेसात फूट, खोली ३ फूट. तळाला तिथलं लोखंडासारखं कठीण लाकूड, बाजूंना देवदाराच्या जातीच्या फळ्या. हत्यारं म्हणजे कुऱ्हाड, वाकस, दोन करवती, एक-दोन सामते, कानस आणि शिडं शिवायच्या सुया. खिळे आणि धातू मोडक्या जहाजातून काढलेले. खिळ्यांच्या टोकांना लावायला चकत्या नव्हत्या, तेव्हा तांब्याची नाणी भोकं पाडून वापरली. व्हिक्टर सुतारकाम करी आणि दोर वळी. शिडं हेटीकडे. बॉस्टनमध्ये बायकांचे कपडे बेतणाऱ्या हातांनी आता पाच हजार मैलांच्या प्रवासाची शिडं बेतली.

होडीचा आकार न्यू इंग्लंडच्या मच्छीमारांच्या होडीसारखा, पण शिडांची बांधणी चिनी सांपानची. स्लोकमने आयुष्याची बरीच वर्षं चीन आणि फिलिपिन्सच्या समुद्रात काढली होती, तिथून त्याने ही विद्या उचलली. चिनी शिडाला ठरावीक अंतरावर बांबूच्या आडव्या पट्ट्या असतात. दोर सैल केला की शीड खिडकीवरच्या चिकाच्या पडद्यासारखं घडीवर घडी पडत खाली येतं. अचानक वारा वाढला तर एक माणूस एका हाताने शीड निम्मं करू शकतो. ज्या होडीवर एक प्रौढ नाविक, एक पोरगा, एक बाई आणि एक लहान मूल आहे तिथे ही सोय जिवाच्या मोलाची. होडीच्या दोन्ही कुशींना जाड बांबूही बांधले होते. होडी पाण्याने भरली तरी बुडू नये हा हेतू.

१३ मे १८८८ रोजी होडी पाण्यात लोटली. त्याच दिवशी ब्राझीलमध्ये गुलामगिरी रद्द करणाऱ्या कायद्यावर सही झाली. म्हणून होडीचं नाव 'लिबरदाद', पोर्तुगीज भाषेत स्वातंत्र्य. गंमत अशी की या स्वातंत्र्याला बंदराबाहेर पडण्याची परवानगी मिळेना. एवढ्याशा होडीला परदेशी जाण्याचा दाखला कोण देणार? शेवटी मासेमारीचा परवाना काढून कुटुंब समुद्रात उतरलं.

पहिला धडा

पहिलाच जोराचा वारा आला आणि शिडं फाटून चिंध्या झाल्या. दोष शिवणीचा नव्हता, जुन्या जहाजाचं कापडच विरलेलं होतं. कशीबशी होडी सांतुसला पोचली. तिथे 'फायनान्स' नावाच्या टपालाच्या आगबोटीचा कप्तान ओळखीचा निघाला. त्याने होडी दोरखंडाने बांधून रिओपर्यंत ओढत न्यायचं कबूल केलं. हेटी आणि गारफिल्ड आगबोटीवर चढले. मागच्या होडीत स्लोकम सुकाणू धरून बसला आणि व्हिक्टर कुऱ्हाड हातात घेऊन दोरखंडापाशी. होडी उलटायला लागली तर दोर तोडायचा. आगबोट पूर्ण वेगाने चालली होती आणि मुलाने रात्रभर ती जागा सोडली नाही.

रिओमध्ये मुक्काम लांबला. नवी शिडं झाली, कागदपत्रं झाली, समुद्रात जाण्याचा रीतसर दाखला मिळाला. २३ जुलैला होडीने रिओ सोडलं. म्हणजे निघून महिना झाला होता आणि त्यातला बराचसा काळ बंदरात गेला होता. याला कुणी दिरंगाई म्हणेल. पण या महिन्यात काय झालं ते पाहा. होडीची खोड कळली, शिडाचं कापड बदललं, दोर बदलले, मुलाची छाती कळली. पुढच्या प्रवासात शिडं तशी फाटली नाहीत.

रिओनंतर केप फ्रिओ. तिथे उलटा वारा लागताच त्यांनी आडोसा धरला. पुढे अब्रोल्योसची खडकाळ बेटं, मग बाहिया, मग पेर्नांबुको. प्रत्येक ठिकाणी तीच रीत. दिवस बघायचा, आभाळ बघायचं, बरं नसेल तर नांगर. पेर्नांबुकोहून बार्बाडोसची झेप मोठी होती, दोन हजारांहून अधिक मैलांची, मध्ये उतरायला जागा नाही. ती त्यांनी साधारण एकोणीस दिवसांत घेतली. आणि बार्बाडोसला पोचल्यावर ते पुन्हा थांबले. कॅरिबियन समुद्रात ऑगस्ट ते ऑक्टोबर हा हरिकेनचा ऐन मोसम. घराची ओढ कितीही असली तरी ऑक्टोबर उजाडेपर्यंत स्लोकमने नांगर उचलला नाही. मग प्वेर्तो रिकोतलं मायाग्वेझ, बहामा बेटं आणि शेवटी केप रोमेन.

वाऱ्याचं पंचांग

या थांबण्यामागे एक शास्त्र आहे. कोकणात वाढलेल्या माणसाला ते समजायला फार कष्ट पडत नाहीत.

ब्राझीलच्या पूर्व किनाऱ्यावर साधारण मार्च ते सप्टेंबर या काळात वारे आग्नेयेकडून आणि दक्षिणेकडून अधिक वाहतात आणि किनाऱ्यालगतचा प्रवाहही उत्तरेची साथ करतो. उरलेल्या महिन्यांत ईशान्येचे वारे बळावतात, म्हणजे उत्तरेला जाणाऱ्याच्या थेट तोंडावर. जूनमध्ये निघणं हा नाइलाज नव्हता, तो हिशोब होता. पण दक्षिण ब्राझीलचा जून-जुलै हा हिवाळा. तेव्हा थंड वाऱ्यांच्या लाटा दक्षिणेकडून येतात आणि प्रत्येक लाटेच्या आधी-नंतर वारा दिशा बदलतो. म्हणून मोसम अनुकूल असूनही रोजचा दिवस तपासून घ्यावा लागतो. मोसम मोठा काटा, दिवस लहान काटा. दोन्ही जुळले तरच निघायचं.

आपल्या किनाऱ्यावरचे तांडेल दुसरं काय करत होते? नैऋत्य मोसमी वारे सुरू होण्याआधी गलबतं वर ओढून शाकारायची, नारळी पौर्णिमेला समुद्राला नारळ द्यायचा आणि मग पाण्यात उतरायचं, हा मोठा काटा. पहाटे जमिनीवरून येणाऱ्या मतलई वाऱ्यावर बंदर सोडायचं, दुपारी समुद्रावरून येणाऱ्या खाऱ्या वाऱ्याने तिरकं पुढे सरकायचं, आभाळ फिरलं की जवळच्या खाडीत शिरायचं, हा लहान काटा. जयगड, विजयदुर्ग यांसारख्या बंदरांचं महत्त्व आपण किल्ल्यांवरून मोजतो. शिडाच्या माणसाला ती वाट बघण्याच्या जागा म्हणून आधी ठाऊक होती. अशा जागा जितक्या, तितका किनारा सुरक्षित.

हा हिशोब मोडला तर काय होतं याचा दाखला त्याच वर्षी आपल्याच समुद्रात मिळाला. 'लिबरदाद' केप रोमेनला लागली २८ ऑक्टोबरला. त्यानंतर अकराव्या दिवशी, ८ नोव्हेंबर १८८८ रोजी, शेफर्ड कंपनीची 'वैतरणा' ही आगबोट कच्छमधल्या मांडवीहून मुंबईला निघाली. बांधून तीनच वर्षं झालेली, पोलादी, वाफेवर चालणारी, विजेच्या दिव्यांनी लखलखणारी. त्या दिव्यांमुळे लोक तिला 'विजळी' म्हणत. द्वारकेला ती लागली. पोरबंदरला हवा बिघडलेली असल्याने ती तिथे न लागता पुढे गेली. सौराष्ट्राच्या किनाऱ्यालगत चक्रीवादळात सापडली आणि सातशेहून अधिक माणसांसह नाहीशी झाली. तिचे अवशेषही हाती आले नाहीत.

या दोन घटना शेजारी ठेवून मला शीड श्रेष्ठ की वाफ असा वाद घालायचा नाही. वादळात सापडल्यावर पस्तीस फुटी होडीचं काय झालं असतं हे सांगायला ज्योतिषी नको. फरक दुसरा आहे. वेळापत्रकावर चालणाऱ्या आगबोटीला थांबणं म्हणजे नुकसान. भाडं घेतलेलं, उतारू खोळंबलेले, पुढच्या बंदरात माल वाट पाहत पडलेला. स्लोकमच्या होडीला ना भाडं, ना वेळापत्रक. थांबण्याची तिला मुभा होती. ज्याचं सगळं बुडालं होतं त्याच्यापाशी ही एक श्रीमंती उरली होती.

'मॅडम'

आता त्या सत्तर दिवसांत कोण काय करत होतं?

स्लोकमचं पुस्तक या बाबतीत पुष्कळ बोलतं. बंदरातली माणसं, अधिकारी, जुने ओळखीचे कप्तान, कोणी काय विचारलं, कोणी काय दिलं, सगळं विनोदाने सांगतं. हेटी मात्र त्यात बहुतेक 'मॅडम' म्हणून किंवा 'माझी बायको' म्हणून येते. तिच्या धीराचं कौतुक आहे, तिच्या शिडांचं कौतुक आहे. तिचं बोलणं मात्र अगदी थोडं. पुढे व्हिक्टरने वडिलांचं चरित्र लिहिलं, ते १९५०मध्ये प्रसिद्ध झालं. वॉल्टर टेलर या अभ्यासकाने स्लोकमच्या मुलांशी संपर्क साधून १९५६मध्ये शोधग्रंथ काढला. त्या होडीतल्या चौघांपैकी बापाचा शब्द आहे, थोरल्याचा आहे, धाकट्याच्या आठवणी आहेत. हेटीची रोजनिशी नाही, तिचं पुस्तक नाही.

मग मी तिला कामातून शोधतो. होडीवर १२० गॅलन पाणी होतं, सुकी बिस्किटं होती, खारवलेलं मांस होतं, निघताना दोनशे संत्री होती. साडेसात फूट रुंद होडीत चार जणांना हे पुरवायचं. समुद्रावर शिडांना ताण आणि बंदरात सुईला काम. सात वर्षांचं मूल उघड्या होडीत महिनोन्‌महिने सांभाळायचं, तेही सवतीचं. नवरा आणि थोरला मुलगा चालत्या दिवसांचे कामगार होते. थांबलेल्या दिवसांचा भार प्रामुख्याने तिच्यावर असणार. पुस्तकात नांगर पडला की वाक्य संपतं. घर चालवणाऱ्या बाईचं काम तिथून सुरू होतं.

आणखी एक पुरावा आहे आणि तो माझ्या दृष्टीने सर्वांत बोलका. २८ ऑक्टोबरनंतरही प्रवास संपला नव्हता. कॅरोलायनाच्या खाड्या, नॉरफोक, चेसापीकचा उपसागर आणि पोटोमॅक नदी असं करत २७ डिसेंबर १८८८ रोजी ते वॉशिंग्टनला पोचले. लग्नाला तीन वर्षं व्हायला दोन महिने बाकी होते आणि या काळात हेटीला जमिनीवर घर असं लाभलंच नव्हतं. वृत्तपत्रांनी कुटुंबाचं कौतुक केलं. त्यानंतर हेटी नवऱ्याबरोबर लांबच्या सफरीवर पुन्हा कधी गेली नाही. तिचं मत तिने असं नोंदवलं आहे. इतिहासात बायकांची मतं बहुधा अशीच शोधावी लागतात. त्या काय म्हणाल्या हे मिळत नाही, नंतर त्यांनी काय केलं नाही हे मिळतं.

म्हणून 'स्प्रे'च्या पुस्तकातला तो 'एकटा' शब्द मला पूर्वीसारखा वाचता येत नाही. १८९५मध्ये स्लोकम एकटा गेला त्यामागे त्याचं धाडस होतं आणि स्वभावही होता. पण एक बाई 'लिबरदाद'मधून उतरली आणि पुन्हा चढली नाही, हेही त्यामागे होतं. जगातल्या पहिल्या एकल प्रदक्षिणेत तिच्या नकाराचा वाटा आहे.

किनाऱ्यावरची वाट

१९०२मध्ये स्लोकमने मार्थाज व्हिनयार्ड बेटावर वेस्ट टिस्बरी गावी शेत आणि घर घेतलं. हेटीला शेवटी घर मिळालं. स्लोकम तिथे फार रमला नाही. हिवाळे आले की तो 'स्प्रे' घेऊन एकटाच वेस्ट इंडिजकडे निघे. अशाच एका खेपेला तो गेला आणि परत आला नाही. त्याचे काही चरित्रकार ते साल १९०८ धरतात. कायद्याने १९२४मध्ये त्याला मृत घोषित केलं आणि मृत्यूची तारीख धरली १४ नोव्हेंबर १९०९.

त्या दोन सालांमध्ये पंधरा वर्षं आहेत. नवरा नाही हे गावाला माहीत, पण कागदावर ती विधवाही नाही. 'विजळी'बरोबर गेलेल्यांच्या घरच्या बायकांची अवस्था याहून वेगळी नसावी. माणूस गेला हे सांगणारी फळीसुद्धा किनाऱ्याला लागलेली नाही. कोकणात, गुजरातेत, न्यू इंग्लंडमध्ये, जिथे जिथे माणसं समुद्रावर जातात तिथे तिथे ही वाट बघणारी माणसं आहेत आणि त्यांच्या वाट बघण्याचं कुठलंही पंचांग नाही. होडीतल्या माणसाला ठाऊक असतं की मोसम सरेल, वारा फिरेल, ऑक्टोबर येईल. किनाऱ्यावरच्या माणसाला तेवढाही भरवसा नसतो.

सागरी इतिहास लिहिताना आपण मैल मोजतो, टनभार मोजतो, तोफा मोजतो. माझ्या वहीत 'लिबरदाद'च्या पानावर मी दोन रकाने केले आहेत. चाललेल्या दिवसांच्या रकान्यावर जोशुआ स्लोकमचं नाव आहे. थांबलेल्या दिवसांच्या रकान्यावर मी हेन्रिएटा एलियट स्लोकम असं पूर्ण नाव लिहिलं आहे. त्या रकान्यातली बेरीज मोठी आहे.